आधी वार ठरवा, मग स्टेडियम

आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या स्टेडियम गाजतंय. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कापूस-सोयाबीनचं, दरवर्षी कबड्डीचे सामने भरवणारं. एका गटाचं म्हणणं, गायरानातली जागा मागा, आमदारांना निवेदन द्या आणि पायऱ्या असलेलं पक्कं स्टेडियम बांधून घ्या. दुसरा गट म्हणतो, पोरं मोबाइलमधून मान वर काढत नाहीत, स्टेडियममध्ये काय बकऱ्या चारायच्या? मधूनच कोणीतरी फुटबॉल काढतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात सिंगापूरकडून हरून भारत आशिया चषकाच्या पात्रता फेरीतून बाहेर पडला, तेव्हा ‘१४० कोटींत अकरा पोरं सापडत नाहीत’ हे वाक्य दिवसभर फॉरवर्ड होत होतं. डिसेंबरात मेस्सी येऊन गेला, कोलकात्यात लोकांनी खुर्च्या-बाटल्या फेकल्या, तेव्हा तर ग्रुपवरचा प्रत्येक जण फुटबॉलतज्ज्ञ झाला.

मी इंग्लंडमध्ये शेफिल्डला राहतो आणि शनिवारी दुपारी लहान क्लबांची मैदानं पाहत फिरतो. हे चुलतभावाला सांगितलं, तर तो म्हणाला, “म्हणजे मॅच सोडून मैदान पाहाले जातं? काऊन दादा, गवत नाही पाहिलं का कधी?” त्याला काय सांगणार! इंग्लंड-जर्मनीत या छंदाचे लोक भरपूर आहेत. इंग्लंडच्या वरच्या चार विभागांतली सगळी ९२ मैदानं पाहिलेल्यांचा एक क्लबच १९७८ पासून आहे. मला त्या ९२ मध्ये फारसा रस नाही. खरी मजा त्याच्या खाली आहे, जिथे खेळाडू सकाळी गवंडीकाम करून येतो आणि तिकिटाचे पैसे घेणारा माणूस मध्यंतरात चहाही ओततो.

सँडीगेट हे त्यातलं माझं आवडतं. शेफिल्डच्या पश्चिमेला चढावर हॅलम क्लबचं हे मैदान आहे आणि जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान म्हणून गिनीजमध्ये त्याची नोंद आहे. २६ डिसेंबर १८६० ला इथे हॅलम आणि शेफिल्ड एफसी हे दोन क्लब पहिल्यांदा भिडले. शेफिल्ड एफसी म्हणजे १८५७ चा, जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब. एवढा इतिहास, पण मैदान धड सपाटही नाही. एका बाजूला इतका उतार की अर्धा वेळ एक संघ चढण चढतो आणि मध्यंतरानंतर दुसरा. कठड्याला टेकून लोक उभे असतात. कठड्यावर पाट्या कोणाच्या, तर जवळच्या प्लंबरच्या, गॅरेजवाल्याच्या, अंत्यविधी करून देणाऱ्याच्या. चेंडू भिंतीबाहेर गेला की राखीव खेळाडू पळत जाऊन आणतो. सामना संपायच्या आधी लाउडस्पीकरवरून आजची प्रेक्षकसंख्या सांगतात, आणि माझ्यासारखे दोघं-चौघं ती वहीत टिपून घेतात. आमच्या नेत्यांच्या सभेत असला प्रामाणिक आकडा जाहीर झाला, तर त्या संयोजकाचं काही खरं नाही.

या मैदानांवर पायऱ्या, छप्पर, दिवे असतात, पण ते वर्षानुवर्षं थोडेथोडे जमवलेले. क्लबची खरी मालमत्ता म्हणजे सामन्यांचं वेळापत्रक. ऑगस्ट ते एप्रिल, चाळीसच्या आसपास सामने, निम्मे घरी, निम्मे परगावी. शनिवारी तीन वाजता सामना असतो, हे गावातल्या म्हाताऱ्यालाही पाठ. संघ सलग पाच सामने हरला तरी सहावा असतोच. शिवाय एफए कप या देशभरच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत सातशेच्या वर क्लब उतरतात. त्याच्या पहिल्या फेऱ्या ऑगस्टातच अशा गावठी मैदानांवर होतात.

आता आमच्याकडे पाहा. परंपरा नाही असं म्हणायची सोय नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं आहे आणि १९३६ साली त्याच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन कबड्डी खेळून दाखवली होती. लोक येत नाहीत असंही नाही. बैलगाडा शर्यतींवरची बंदी डिसेंबर २०२१ मध्ये उठली आणि शंकरपटाला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीला, पुन्हा जत्रा लोटल्या. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत भाऊबीजेनंतर मंडई नावाची जत्रा भरते आणि रात्रभर नाटकाला माणूस हलत नाही. आमच्या गावात कबड्डीच्या रात्री जनरेटर, मंडप, फक्कीने आखलेलं मैदान आणि पहिलं बक्षीस कोणातर्फे, दुसरं कोणातर्फे, हे सांगणारा फोटोंचा फलक असतो. निवेदकाचा आवाज तिसऱ्या गावापर्यंत जातो. गर्दी बघाल तर सँडीगेटवाल्यांनी हात जोडावेत.

पण हे सगळं वर्षातून एकदा, आणि बाद पद्धतीने. शेजारच्या जिल्ह्यातून जीपगाडी करून आलेला संघ चाळीस मिनिटांत हरतो, रात्री दोनला परतीला लागतो आणि वर्षभर पुन्हा एकत्र येत नाही. पोरगं सोळाव्या वर्षी वर्षाला चार सामने खेळतं. इंग्लंडमधलं त्याच वयाचं, त्याच्याहून अंगाने किरकोळ पोरगं तीसेक खेळतं. पाच वर्षांनी दोघांत जो फरक पडतो, त्याला आपण रक्तातला दोष म्हणतो. सप्टेंबर २०१७ मध्ये, सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपच्या निमित्ताने, राज्यभर एका शुक्रवारी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा कार्यक्रम झाला. शाळांना चेंडू मिळाले, चेंडूला लाथ मारतानाचे फोटो पेपरात आले. पुढच्या शुक्रवारी कोणाचा सामना कोणाशी, हे मात्र कुठल्याच पत्रिकेवर नव्हतं.

एवढं लिहिल्यावर ग्रुपवर उत्तर आलं, “तुमच्या तिकडं पैसा हाये, दादा. इथं सोयाबीनले भाव नाही अन् तू लीग खेळाले सांगून रायला!” रास्त बोलला. आणि इंग्लंडचं सगळं आलबेल आहे असंही नाही. १८८५ पासूनचा बरी हा क्लब पैशाच्या घोळात ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकला गेला. मैदानाला कुलूप लागलं आणि २०२२ मध्ये समर्थकांनीच ते विकत घेतलं. छोट्या क्लबांत राबणारे हात बहुतेक साठी ओलांडलेले, त्यांच्या मागे कोण, हे कोणी सांगत नाही. कठड्याशी माझ्या रंगाचा माणूस कधी दिसतो, कधी नाही. कोणी वाईट वागत नाही, पण ‘तुम्ही इथे कसे?’ हा प्रश्न चहाच्या खिडकीपाशी येतोच.

एका बाबतीत मात्र या लोकांचा हेवा वाटतो. पाचवा जॉर्ज १९३६ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या स्मारकासाठी लंडनला एक पुतळा आणि बाकी देशभर खेळाची मैदानं असं ठरलं. अशी ४७१ मैदानं झाली. फाटकावर सिंह आणि एकशिंगी घोड्याची पाटी दिसली की समजायचं, ही जागा विकता येणार नाही, कायम खेळासाठीच राहणार. आजही खेळाच्या मैदानावर काही बांधायचं तर परवानगी देण्याआधी स्पोर्ट इंग्लंड या संस्थेचं मत घ्यावं लागतं. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान सांगितलंय आणि गावाच्या सार्वजनिक जागांवरची अतिक्रमणं काढा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच बजावलंय. तरी शाळेच्या मैदानावर लग्नाचा मंडप पडतो, आणि गायरानात आधी एक टपरी, मग तिच्यावर टिनाचं छप्पर. माझी भीती अशी की स्टेडियमसाठी मागितलेल्या गायरानात आधी व्यापारी गाळे उठतील. म्हणून निवेदन द्यायचंच असेल, तर सातबाऱ्यावर ‘खेळाचं मैदान’ एवढी नोंद मागा. बांधकामाचं नंतर पाहू.

आणि पायऱ्यांआधी मुरूम. आमची काळी जमीन पावसाळ्यात बुटाला किलोकिलोने चिकटते आणि मार्चपर्यंत पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. मुरूम टाकून रोलर फिरवला, तर दिवाळी ते होळी खेळता येईल. मुरमालाही तहसीलची परवानगी लागते, हे मला ग्रुपवर तीन जणांनी सांगून झालंय.

वेळापत्रकाचं म्हणाल, तर ते आपल्याकडे तयार आहे. आठवडी बाजार. प्रत्येक गावाचा वार ठरलेला, भाजीवाल्यापासून चप्पल शिवणाऱ्यापर्यंत सगळे त्याच्यावर चालतात, कोणाला निमंत्रण लागत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुराला रविवार कसला, त्याची सुट्टी बाजाराच्या दिवशी. त्याच दिवशी चुकारा हातात, माणसं गावात. आसपासची सहा गावं घ्या. ज्या गावाचा बाजार, त्या दिवशी चार वाजता तिथे सामना. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा घरी, एकदा परगावी खेळायचं. हिशेब केला तर हंगामात तीस सामने, एका संघाला दहा. फुटबॉल खेळा, कबड्डी खेळा, माझी हरकत नाही.

पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला, “पहिलं बक्षीस किती ठेवाचं?” मी म्हणतो, काहीच नको. ती वर्गणी परगावच्या संघाच्या गाडीभाड्याला, चहाफराळाला आणि रेफरीच्या मानधनाला घाला. वर्गणी देणाऱ्याचा फोटो लावा, हवा तर मोठा लावा, पण मैदानाच्या कठड्यावर, आणि तो हंगामभर राहू द्या.

दुसरा प्रश्न वहिनीने विचारला, आणि तो अख्ख्या चर्चेत कोणाला सुचला नव्हता. सामने रात्री की दिवसा? रात्रीच्या कबड्डीला गावातल्या पोरी खेळायला सोडा, पाहायलाही येत नाहीत. इंग्लंडने या बाबतीत शहाणपणा शिकवायला नको. तिथल्या फुटबॉल संघटनेने १९२१ मध्ये बायकांना आपल्या मैदानांवर खेळायला बंदी घातली आणि ती सत्तरीच्या दशकाच्या तोंडावर उठवली. आता लहान क्लबांतही मुलींचे संघ दिसतात, तर त्याचं कारण सामने उजेडी असतात, आई-आजी कठड्याशी उभ्या असतात आणि घरी वेळेवर परतता येतं. तेव्हा ग्रुपवर मतदान घेतलंच, तर माझं मत दुपारी चारला धरा. जनरेटरचं डिझेलही वाचेल.