म्हणे, ‘डोळ्यांनी पाहिलेला एकही नव्हता’!

उपासना न चुकवणाऱ्या मावशीने ‘हे खरं आहे का रे?’ असं विचारत एक मजकूर पाठवला, म्हणून हे लिहिणं आलं. एरवी सोडून दिलं असतं. मजकुराचं म्हणणं असं: ख्रिस्ती विश्वास येशू मरणातून उठल्याच्या साक्षीवर उभा आहे ही थाप, शुभवर्तमानं (येशूचं चरित्र सांगणारी मत्तय, मार्क, लूक, योहान ही चार पुस्तकं) 300 वर्षांनी नायसियाच्या धर्मपरिषदेत मतदान करून ठरली, मंडळ्यांना पत्रं लिहिणारा प्रेषित पौल कुणा साक्षीदाराला भेटलाच नाही, लिहिणाऱ्यांनी काही पाहिलं नव्हतं, आणि खुद्द येशूच ‘न पाहता विश्वास ठेवा’ म्हणाला.

नायसिया आधी उरकू. 325 सालची ती परिषद भरली एरियस नावाच्या धर्मगुरूच्या शिकवणीवरून, म्हणजे पुत्र (येशू) अनादी की निर्माण केलेला, या वादावरून. ईस्टर कधी पाळायचा हाही प्रश्न होता. तिथे 20 नियम झाले. पवित्र पुस्तकं कोणती, यावर त्यांत एकही नाही. शुभवर्तमानं चारच, हे बिशप इरेनियस इ.स. 180च्या सुमारास ठासून सांगतो. परिषद तेव्हा जवळजवळ दीडशे वर्षं दूर होती.

आता पौल. इथे मात्र नुसतं अज्ञान नाही, लबाडी आहे. मजकुरात गलतीकरांस पत्र 1:12 दिलंय: आपली सुवार्ता माणसाकडून मिळाली नाही, असं पौल म्हणतो. म्हणतो खरं. पण सहाच वचनं खाली, 1:18 मध्ये, तोच सांगतो की तीन वर्षांनी आपण केफाला, म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याला, भेटायला यरुशलेमला गेलो आणि त्याच्याकडे 15 दिवस राहिलो; प्रभूचा भाऊ याकोबही तिथे भेटला. विसाव्या वचनात तर ‘मी खोटं बोलत नाही’ म्हणून देवाची शपथ घेतो. वाचताना बारावर थांबायचं आणि अठरावर जायचंच नाही, याला काय म्हणावं? पुढच्याच अध्यायात अंत्युखियात तो पेत्राला सगळ्यांदेखत तोंडावर बोलतो. ज्याच्याशी असं वाजलं, त्याच पेत्राचं नाव पौलाच्या साक्षीदारांच्या यादीत पहिलं आहे.

ती यादी करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय 15 मध्ये आहे. पत्र साधारण इ.स. 54चं, वधस्तंभाची घटना 30 किंवा 33ची. म्हणजे अंतर वीस-पंचवीस वर्षांचं, 300चं नव्हे. तिसऱ्या वचनात ‘मला मिळालं ते तुम्हांला सोपवलं’ अशा अर्थाचे शब्द आहेत. गुरूकडून शिष्याकडे जाणाऱ्या परंपरेसाठी तेव्हा हीच भाषा वापरत, त्यामुळे यादीचा गाभा पत्राहून जुना ठरतो. पुढे, उठलेला येशू कुणाला दिसला त्याचा क्रम असा: केफा, बारा शिष्य, एकाच वेळी 500हून अधिक, याकोब, सगळे प्रेषित, शेवटी स्वतः पौल. त्या 500पैकी बहुतेक अजून हयात आहेत, असंही तो लिहितो. आणि लिहितो कुणाला? ‘आम्ही केफाचे’ म्हणणारा गट ज्या मंडळीत होता (1:12) आणि मेलेले उठत नाहीत असं काही जण जिथे म्हणत होते (15:12), तिला. म्हणजे ऐकणारे माना डोलावणारे नव्हते.

एक कबूल करावं लागेल. त्या 500 जणांचं एकही नाव नाही, ठिकाण नाही, शुभवर्तमानांत उल्लेख नाही. ‘आपल्याकडे 500 साक्षी आहेत’ असं जे उपदेशक सांगतात, त्यांनीही जपून बोलावं. आपल्या हातात 500 जणांविषयी एका माणसाचं निवेदन आहे.

‘लिहिणाऱ्यांनी पाहिलं नव्हतं’ हे मार्क आणि लूक यांच्यापुरतं बरोबर, पण त्यात उघडकीला काय आणलं? लूक पहिल्या चार वचनांतच सांगतो की सुरुवातीपासून डोळ्यांनी पाहिलेल्यांनी जे सोपवलं, ते शोध घेऊन क्रमाने लिहितोय. मार्कने पेत्राचं ऐकून लिहिलं, स्वतः प्रभूला ऐकलं नव्हतं, असं दुसऱ्या शतकातल्या पापियास या बिशपचं जुनं विधान चर्चचा इतिहासकार युसेबियस याने जपून ठेवलंय.

कबरेवर गेलेल्या स्त्रियांची संख्या जुळत नाही म्हणे. नाही जुळत. मत्तयात दोन नावं, मार्कात तीन. योहानात एकटी मरीया मग्दालीया, पण तिच्या तोंडी ‘आम्हांला ठाऊक नाही’ (20:2). ही मरीया मात्र चारही ठिकाणी आहे, आणि तीही अशा काळात, जेव्हा स्त्रीची साक्ष ग्राह्य धरू नये असा नियम यहुदी इतिहासकार योसेफस नोंदवत होता. साक्षीदार नुसते रचायचेच असते, तर पुरुष कमी पडले नसते.

राहिलं ‘न पाहता विश्वास ठेवा’, म्हणजे योहान 20:29. ते येशूचा शिष्य थोमा याला उद्देशून आहे, आणि थोमाने तर पाहिलंच होतं. नंतर येणाऱ्यांनी न पाहता विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा, ते लगेच 30-31 मध्ये आहे: शिष्यांदेखत झालेली चिन्हं लिहून ठेवली आहेत, त्यांवर. साक्षीला किंमत नसती, तर येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी माणूस निवडताना पेत्राने अट कशाला घातली असती (प्रेषितांची कृत्ये 1:21-22)? बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या बाप्तिस्म्यापासून येशू स्वर्गात वर घेतला जाईपर्यंत जो आपल्याबरोबर वावरला, त्यालाच पुनरुत्थानाचा साक्षीदार करायचं. अटीत बसणारे दोघं पुढे केले, योसेफ बर्सब्बा आणि मत्थिया. चिठ्ठी मत्थियाची निघाली.