एक चॅनल घालायचं म्हणजे!

हातात मावणाऱ्या स्कॅनरमध्ये, म्हणजे एकामागून एक चॅनल चाळत संभाषणं ऐकवणाऱ्या रेडिओत, एक साधं चॅनल घालायला माणसाचा इतका अंत का पाहायचा? इथे न्यू जर्सीत मी रेल्वे, विमानं आणि हवामान एवढंच ऐकतो. हवामानाबद्दल तक्रार नाही. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधली ठरलेली सात चॅनल, आधीच भरलेली.

बाकीच्या चॅनलनी मात्र जीव नकोसा केलाय. नाव टाकायचं तर 'एस'साठी ७चं बटण चार वेळा दाबा. एकदा जास्त दाबलं की अक्षर निसटलं, पुन्हा अख्खा फेरा. फ्रिक्वेन्सी बघायला कागदाकडे वळलात तर तेवढ्यात मेनू बंद, लिहिलेलं सगळं पाण्यात!

आणि संताप कशाचा येतो सांगू? मी १६०.२२२५ टाकतो, हे यंत्र गुपचूप १६०.२२५ करून ठेवतं. विचारणं नाही, सांगणं नाही. मग रेल्वेचा आवाज फाटका येतो आणि आपण अँटेना बदलत बसतो. ११८ ते १३७ हा विमानांचा पट्टा, तिथे आवाज पाठवायची एएम पद्धतच लागते; चुकून एफएम राहिलं तर बोलणं कळतच नाही. टोन, म्हणजे हव्या त्या मंडळींच्या बोलण्याबरोबर येणारा ओळखीचा सूर, भरला नाही की त्याच फ्रिक्वेन्सीवरची लांबच्या गावातली मंडळी येऊन स्कॅन अडवून बसतात.

एवढे पैसे घेता ना? मग निदान दोन चॅनलच्या मध्ये तिसरं सरकवायची सोय तरी द्या! एकासाठी खालची सगळी पुन्हा भरायची, ही काय रीत झाली?