डिफॉल्ट बदलता, मग सांगायला काय होतं?

"मायनर यूआय क्लीनअप." चेंजलॉगमध्ये, म्हणजे रिलीजमध्ये काय बदललं त्याच्या यादीत, बस एवढंच. आणि त्याखाली काय दडवलं होतं माहितीये? इम्पोर्टच्या स्क्रीनवर एक चेकबॉक्स आहे, "आधीच्या नोंदी बदलून टाका" असा. तो कायम रिकामा असायचा, म्हणजे फाइल आत घेतली की नवीन नोंदी जुन्यांच्या खाली येऊन बसायच्या, जुन्यांना धक्का लागायचा नाही. या रिलीजमध्ये कोणीतरी तो डिफॉल्टलाच, म्हणजे युजरने हात लावायच्या आधीच, टिक करून ठेवला. वर तो "ॲडव्हान्स्ड" नावाच्या घडीच्या आत सरकवला, आणि ती घडी मिटलेली, म्हणजे मुद्दाम उघडल्याशिवाय दिसणारच नाही. आमचं मॅन्युअल मी लिहिते, त्यात त्या पानावर काय लिहिलंय? "बाकी काहीही न बदलता 'पुढे' दाबा."

एका युजरने तेच केलं. पानावर लिहिलंय तसंच्या तसं. आणि त्याच्या जुन्या नोंदी साफ.

त्याचा मेल मी वाचला. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही, नुसतं "मी तुमच्या मॅन्युअलप्रमाणे केलं होतं" आणि खाली पानाची लिंक. तो माणूस वाचणारा होता हो! "मॅन्युअल कोण वाचतंय" म्हणून जे दात काढतात ना, त्यांच्यासाठी सांगते, हा वाचत होता, एकेक स्टेप बघून करत होता, आणि आम्ही नेमकं त्यालाच खड्ड्यात घातलं. ज्याने न वाचता इकडेतिकडे क्लिक केलं असतं त्याने कदाचित ती घडी उघडून तरी बघितली असती.

मग तिकीट आलं, म्हणजे तक्रारीची नोंद. कॅटेगरी: डॉक्युमेंटेशन. कारण: मॅन्युअल आउटडेटेड. असाइन: मला! चोर सोडून संन्याशाला फाशी. मॅन्युअल आउटडेटेड "झालं" म्हणे, जसं काही आपोआप होतं ते. नाही हो, मॅन्युअल काल दुपारपर्यंत बरोबर होतं, संध्याकाळी तुम्ही ते चुकीचं केलंत.

विचारायला गेले तर डेव्हलपर म्हणतो, प्रॉडक्टवाल्यांनी सांगितलं म्हणून बदललं. प्रॉडक्टवाले म्हणतात, आम्हाला वाटलं डेव्ह टीम सांगेल तुम्हाला. आणि टेस्टिंगवाला एकदम शांतपणे म्हणतो, "आम्ही टेस्ट केस अपडेट केलीये की." हे ऐकून मी खरंच उठून गेले तिथून. टेस्ट केस अपडेट केलीये! म्हणजे बदल सगळ्यांना माहीत होता, त्यावर चर्चा झाली होती, कोणीतरी वेळ काढून टेस्टची अपेक्षित व्हॅल्यू बदलली होती. का बदलली? कारण नसती बदलली तर टेस्ट फेल होऊन बिल्ड लाल झालं असतं आणि रिलीज अडला असता. मॅन्युअल चुकलं तर काहीच लाल होत नाही. पान तसंच दिसतं, सुबक, स्वच्छ, आत्मविश्वासाने खोटं बोलणारं. कोणाचा तरी डेटा उडेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही, आणि लागतो तेव्हा खापर फोडायला आमचं डोकं आहेच.

आणि हा सगळा उद्योग पॅच रिलीजमध्ये. व्हर्जनचा तिसरा आकडा एकने वाढवला, झालं. सिमँटिक व्हर्जनिंगच्या गप्पा मारायला हेच पुढे असतात, पॅच म्हणजे फक्त दुरुस्त्या, जुनं वागणं मोडलं तर पहिला आकडा वाढवायचा, वगैरे. डिफॉल्ट उलटा करणं म्हणजे जुनं वागणं मोडणं नाही? कोडमध्ये एका शब्दाचा फरक आहे म्हणून तो बदल छोटा होत नाही. बटणाचा रंग बदलला तर मी एक वेळ सोडून देईन, डिफॉल्ट बदलला की मॅन्युअलमधली "जसं आहे तसं ठेवा" म्हणणारी प्रत्येक ओळ धोकादायक होते, आणि अशा ओळी कुठे कुठे आहेत ते शोधायला सर्चसुद्धा उपयोगी पडत नाही कारण त्या ओळींत चेकबॉक्सचं नावच नसतं ना.

रंगाचं सोडून देईन म्हटलं खरं, पण तेही का सोडू? स्क्रीनशॉट कोण काढतं परत? साइडबार डावीकडून वर नेला की प्रत्येक स्क्रीनशॉट शिळा. प्रत्येक! त्यासाठी डेमो अकाउंट उघडा, खोटा डेटा भरा, विंडो नेमक्या मापाची करा, बाण काढा, क्रमांकाची वर्तुळं टाका, खरा ईमेल दिसत नाहीये ना ते बघा, आणि हे सगळं करून झालं की डिझाइनवाल्यांचा निरोप येतो की साइडबार परत डावीकडे घेतोय, लोकांना आवडला नाही. बरं, आधी कळवा म्हटलं तर "अजून फायनल नाही". रिलीजच्या दिवशी विचारलं तर "आता फायनल आहे". मधला क्षण, ज्यात मी काम करायचं, तो अस्तित्वातच नाही. मग मॅन्युअल नेहमी वरातीमागून घोडं, आणि वर ऐकून घ्यायचं की डॉक्स टीम स्लो आहे.

फीचर फ्लॅगचं तर नावच काढू नका. अर्ध्या युजरना नवीन स्क्रीन, अर्ध्यांना जुनी, कोणाला कुठली ते कंपनीतल्या एकाही माणसाला सरळ सांगता येत नाही. मी कुठल्या स्क्रीनचं मॅन्युअल लिहू? "तुम्हाला उजवीकडे 'शेअर' दिसत असेल तर असं करा, नसेल तर तसं करा"? लिहिलं मी तसं. तर रिव्ह्यूमध्ये कमेंट, "हे फार गोंधळाचं वाटतंय." गोंधळाचं वाटतंय कारण गोंधळच आहे! तो मी केलेला नाही, मी तो फक्त प्रामाणिकपणे लिहून काढलाय.

आणि मग कोणीतरी मीटिंगमध्ये अजाइल मॅनिफेस्टो काढतं, सॉफ्टवेअर कसं बनवावं याचा जाहीरनामा. २००१ सालचा तो मजकूर मोजून काही ओळींचा आहे, तोसुद्धा पूर्ण वाचवत नाही यांना. चालणारं सॉफ्टवेअर हे भल्यामोठ्या डॉक्युमेंटेशनपेक्षा मोलाचं, एवढं पाठ आहे. त्याच्याच खाली स्पष्ट लिहिलंय की उजव्या बाजूच्या, म्हणजे डॉक्युमेंटेशनसारख्या, गोष्टींनाही मोल आहे, फक्त डावीकडच्यांना आम्ही जास्त मोल देतो. ते वाक्य कोणाच्या स्लाइडवर कधी बघितलंय? "डॉक्युमेंटेशन नको" असं तो लिहिणाऱ्या सतरा जणांपैकी कोणीही त्यात लिहिलेलं नाही. आणि चालणारं सॉफ्टवेअर म्हणता, तर मॅन्युअलप्रमाणे केल्यावर युजरचा डेटा उडतो ते सॉफ्टवेअर चालतंय असं कुठल्या तोंडाने म्हणता?

जमत नाही असं अजिबात नाही. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ चं आहे, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांचं, ज्यांनी सिस्टिम लिहिली त्यांचंच. त्यात कमांडच्या पानावर "बग्ज" असा वेगळा मथळा असायचा, काय मोडकं आहे ते तिथेच लिहून टाकायचे. आज मी मॅन्युअलमध्ये "या व्हर्जनमध्ये हे नीट चालत नाही" अशी एक ओळ टाकली की मार्केटिंगपासून सगळे धावत येतात काढायला. पोस्टग्रेस या डेटाबेसचं मॅन्युअल कोडच्याच रेपॉझिटरीत, म्हणजे कोड ठेवतात तिथेच असतं आणि नवीन फीचरचा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, डॉक्सशिवाय आला तर तो अपुरा धरतात. जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये नवीन फीचरला टेस्ट आणि डॉक्स दोन्ही लागतात, वर कुठल्या व्हर्जनपासून आलं ती नोंदही. पायथन भाषेत डॉकटेस्ट आहे, मॅन्युअलमधली उदाहरणं चालवून बघतं आणि उत्तर जुळलं नाही तर टेस्ट फेल. म्हणजे मॅन्युअलही लाल होऊ शकतं, कोणाला तसं हवं असेल तर! मोठ्यात मोठा बदल केला तरी लोकांना सोबत नेता येतं. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००७ मध्ये मेनू जाऊन रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, आली तेव्हा जगभरच्या मॅन्युअलमधलं "टूल्स मेनूमध्ये जा" एका फटक्यात निकामी झालं, पण जुनी कमांड आता कुठे आहे ते दाखवणारी गाइड तरी दिली होती त्यांनी.

आमच्याकडे काय आहे? पुल रिक्वेस्टच्या, म्हणजे कोडमधला बदल मंजुरीला पाठवतात त्याच्या, टेम्पलेटमध्ये एक प्रश्न आहे, "डॉक्युमेंटेशन बदलावं लागेल का?" तो मीच भांडून घालून घेतला होता. या चेकबॉक्सच्या पुल रिक्वेस्टमध्ये जाऊन बघितलं, तिथे उत्तर होतं "लागू नाही". दोन रिव्ह्यूअरनी ते बघून अप्रूव्ह केलंय. व्हेरिएबलच्या नावावर तिथे लांबलचक वाद आहे, "ओव्हरराइट" म्हणावं की "रिप्लेस", आणि त्याच्या वर दोन बोटांवर "लागू नाही" लिहिलेलं कोणालाही खटकलं नाही.

आता नवीन टूम म्हणजे मॅन्युअल एआयकडून लिहून घ्या. आणि सपोर्टचा चॅटबॉट आधीच लावलाय, जो माझीच पानं वाचून उत्तरं देतो. म्हणजे जी चुकीची ओळ आधी एका पानावर होती ती आता चॅटबॉट घरपोच देणार, गोड बोलून, लिंकशिवाय. मी सकाळी ते पान दुरुस्त केलं, लाल चौकटीत इशारा टाकला, मग बॉटला विचारून बघितलं तर तो अजून सांगतोय "बाकी काही न बदलता पुढे दाबा", कारण त्याचा इंडेक्स, म्हणजे पानांची त्याच्याकडची नोंद, आठवड्यातून एकदा अपडेट होतो आणि तो लवकर चालवायचं तिकीट कोणी घ्यायचं यावर अजून बोलणं चालू आहे. भाषांतरं तर वेगळीच, ती पानं पुढच्या बॅचला जाणार, तोपर्यंत बाकीच्या सगळ्या भाषांमधला युजर तेच करणार जे या माणसाने केलं.

मी ते तिकीट परत पाठवलंय. कॅटेगरी बदलून "बग" केली, असाइन ज्याने तो बदल मर्ज केला, म्हणजे कोडमध्ये घेतला, त्याला, आणि वर लिहिलंय की डिफॉल्ट पूर्ववत करा, नाहीतर इम्पोर्टच्या आधी "जुन्या नोंदी जातील" असं युजरला ठळक विचारा. प्रॉडक्टवाल्यांचा मेसेज आलाय, "हे डॉक्समध्येच एक नोट टाकून नाही का भागणार?" नाही भागणार. यावेळी मी नोट टाकून प्रकरण मिटवणार नाहीये, आणि पुढच्या पुल रिक्वेस्टवर "लागू नाही" दिसलं तर ती मर्ज होऊ देणार नाही, मग रिलीज अडला तर अडू दे.