एकच पायरी अडली तर?
अमिनो आम्लांवरच्या लेखात या प्रथिनांच्या घटकांचं यकृतात काय होतं ते छान उलगडलंय, पण या प्रक्रियेतली एखादी पायरी जन्मतःच अडलेली असली तर काय, हेही यायला हवं होतं. फिनाइलॲलनीन या अमिनो आम्लाचं टायरोसिन या दुसऱ्या अमिनो आम्लात रूपांतर करणारं विकर (एन्झाइम) काम करत नसेल तर फिनाइलॲलनीन रक्तात साठत जातं आणि बाळाच्या वाढत्या मेंदूला इजा करतं. हा फिनाइलकीटोन्युरिया नावाचा आजार. १९३४ साली नॉर्वेत डॉ. फोलिंग यांच्याकडे एक आई बौद्धिक वाढ खुंटलेल्या आपल्या दोन मुलांना घेऊन आली. त्यांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकल्यावर ती हिरवी झाली, तिथून हा आजार कळला.

जीव तुटतो तो यासाठी, की हे नुकसान टाळता येतं! टाचेतून रक्ताचे थेंब घेतले की पहिल्या काही दिवसांतच निदान होतं. मग फिनाइलॲलनीन प्रथिनांतून येतं म्हणून दूध, डाळी अगदी मोजून-मापून, जोडीला खास पोषण-मिश्रण. साबुदाणा चालतो, पण खिचडीतलं दाण्याचं कूट नाही. ॲस्पार्टेम हा कृत्रिम गोडवा घातलेली डाएट कोल्ड्रिंकही वर्ज्य, कारण त्यातून फिनाइलॲलनीनच मिळतं. आपल्याकडे ही चाचणी सगळ्याच प्रसूतिगृहांत होत नाही. घरात बाळ येणार असेल तर डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.