जुना झिऑन नव्या लॅपटॉपला खातो म्हणे!

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर आणि रील्समध्ये एक दावा जोरात फिरतोय. सार असं: लॅपटॉपवर पन्नास-साठ हजार घालणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. त्यापेक्षा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा, इंटेलचा वापरलेला झिऑन ई५-२६८० व्ही४ उचला, चिनी एक्स९९ मदरबोर्डावर बसवा. चौदा कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग), अठ्ठावीस थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामं), बँकांच्या सर्व्हरमध्ये राबलेला प्रोसेसर. रॅमचे चार चॅनेल, दीड टीबीपर्यंत रॅम, न तापता चोवीस तास चालणार आणि पुढे अपग्रेडही होणार. लॅपटॉप त्याच्यापुढे पाणी भरेल. मुलांना मशीन घेऊन द्यायचं असलेले पालक हा मेसेज दाखवून ‘खरंय का?’ विचारतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

पहिला मुद्दा जातकुळीचा. सर्व्हरचा प्रोसेसर मुळातच तगडा, असं इथे गृहीत धरलंय. पण २०१६ साली आलेल्या या झिऑनमध्ये जो कोअर आहे तो ब्रॉडवेल नावाच्या आराखड्याचा, आणि हाच ब्रॉडवेल इंटेलने त्याआधी लॅपटॉपमध्ये विकला होता. २०१५ चा आय७-५६००यू घ्या: दोन कोअर, १५ वॅट, टर्बो (काही वेळ गाठता येणारा सर्वाधिक वेग) ३.२ गिगाहर्ट्‌झ. १२० वॅटच्या झिऑनचा टर्बो ३.३. म्हणजे एकच कोअर कामाला लागलेला असतो तेव्हा हा राक्षस दहा वर्षांपूर्वीच्या ऑफिस लॅपटॉपच्या जेमतेम पुढे असतो, तेही कॅश (प्रोसेसरमधलीच छोटी, झटपट मेमरी) मोठी आणि रॅमचा रस्ता रुंद म्हणून.

‘तो जुना आहे म्हणून, नवा सर्व्हर प्रोसेसर बघा,’ असं कोणी म्हणेल. बघू. एएमडीचा एपिक ९६५४ हा २०२२ चा: ९६ कोअर, ३६० वॅट, टर्बो ३.७ गिगाहर्ट्‌झ. त्याच कंपनीचा लॅपटॉपमधला रायझन ७ ७८४०यू २०२३ चा: आठ कोअर, २८ वॅट, टर्बो ५.१. दोन्हींत कोअरचा आराखडा एकच, झेन ४. आणि एकट्या कोअरच्या शर्यतीत पुढे आहे लॅपटॉपवाला! सर्व्हरचा प्रोसेसर सगळे कोअर एकदम राबतील या हिशेबाने बेतलेला असतो, आणि ३६० वॅट ९६ कोअरमध्ये वाटले की एकेकाच्या वाट्याला चार वॅटही येत नाहीत. लॅपटॉपमध्ये मात्र एकच कोअर जागा असेल तर बहुतेक वीज त्यालाच देता येते. सर्व्हर चालवणाऱ्याला एका माणसाचं काम झटपट व्हायला नको असतं, हजारो जणांची कामं एकाच वेळी पुढे सरकायला हवी असतात. मोठ्या पातेल्यात भात जास्त होतो, लवकर नाही.

आता चौदा कोअर. हा आकडा मेसेजचा हुकमी एक्का आहे, पण कोअर वाढवून किती फायदा होतो याचं गणित संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच मांडलंय. समजा एखाद्या कामाचा ७० टक्के भाग कोअरांत वाटता येतो आणि ३० टक्के एकामागून एकच करावा लागतो. एका कोअरला १०० सेकंद लागत असतील, तर चौदा कोअरना ३० अधिक ५, म्हणजे ३५ सेकंद. आठ कोअरना ३० अधिक ८.७५, म्हणजे पावणेएकोणचाळीस. सहा कोअर जास्त आणि वाचले पावणेचार सेकंद. आता त्या आठांतला प्रत्येक कोअर दीडपट वेगवान धरा (ब्रॉडवेल ते झेन ४ हे खरं अंतर याहून जास्तच आहे). आठांचा वेळ २६ सेकंदांवर येतो आणि चौदा कोअर मागे पडतात. सिव्हिलचा विद्यार्थी ऑटोकॅडमध्ये रेघा मारतो तेव्हा तर बहुतांश काम एकाच कोअरवर चालतं. बाकीचे तेरा नुसते बघत बसतात. एवढंच नाही, सगळे कोअर राबवणाऱ्या चाचण्यांतही २०२१ चा आठ कोअरचा लॅपटॉपमधला रायझन ७ ५८००एच या झिऑनच्या बरोबरीला येतो.

रॅमचे चार चॅनेल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधले चार रस्ते? कधी काळी खरंच मोठी गोष्ट. झिऑनच्या डीडीआर४-२४०० रॅमचे चार चॅनेल मिळून सेकंदाला ७६.८ जीबी. दोन चॅनेलच्या डीडीआर४-३२०० लॅपटॉपला ५१.२, तिथे झिऑन जिंकला. पण एलपीडीडीआर५-६४०० चा नवा लॅपटॉप १०२.४ ला जातो. हा प्रोसेसर दीड टीबीपर्यंत रॅम घेऊ शकतो हेही खरं, फक्त कॉलेजच्या पोराला ती लावायची कशाला, हे कोणी सांगत नाही.

‘लॅपटॉप तापतो, झिऑन चोवीस तास चालतो’ या मुद्द्यात मात्र दम आहे. पातळ लॅपटॉपचा पंखा लहान, त्यामुळे काही मिनिटं पूर्ण जोर लावला की वेग उतरतो. शिवाय एकच प्रोसेसर एका कंपनीच्या लॅपटॉपात १५ वॅटवर चालतो, दुसऱ्याच्यात ३० वर, आणि खोक्यावर नाव तेच असतं. ही फसगत नेहमीची आहे. झिऑनला मोठा कूलर लावला की तो तासन्‌तास त्याच वेगाने चालतो. फक्त वीज धरा: ग्राफिक्स कार्डासकट अख्खं मशीन पूर्ण भारावर २०० वॅट ओढत असेल तर आठ तासांत दीड युनिटाहून जास्त, ६० वॅटच्या लॅपटॉपचं काम अर्ध्या युनिटात भागतं. आणि वीज गेली की लॅपटॉप चालू राहतो.

स्वस्त का मिळतो, हेही बघायला हवं. २०१६ मध्ये इंटेलची याची यादीतली किंमत १,७४५ डॉलर होती. डेटा सेंटरवाले काही वर्षांनी सर्व्हर थोकात काढून टाकतात, कारण त्यांना प्रत्येक वॅटमागे मिळणारं काम महत्त्वाचं. प्रोसेसर सुटे होऊन बाजारात येतात. त्यांचे मूळ बोर्ड साध्या कॅबिनेटमध्ये बसत नाहीत, म्हणून चीनमध्ये नवे बोर्ड बनतात. ‘एक्स९९’ लिहिलेल्या अशा अनेक बोर्डांवर चिपसेट (बोर्डावरचे जोड सांभाळणारी चिप) एक्स९९ नसून साध्या डेस्कटॉपचा बी८५ किंवा एच८१ निघतो. प्रोसेसर सहसा दगा देत नाही. दगा देतो तो हा बोर्ड.

झिऑनमध्ये ग्राफिक्सही नाही, कार्ड वेगळं घ्यावं लागतं. पैसे वाचवायला जीटी ७१० हे स्वस्त कार्ड बसवलं तर ते यूट्यूबचा व्हीपी९ पद्धतीने दाबलेला व्हिडिओ स्वतः उलगडू शकत नाही, तो भार पुन्हा झिऑनवर. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर नाही; ते आडमार्गाने टाकता येतं, आणि विंडोज १० वरच राहावं तर त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. मॉनिटर, कीबोर्ड, वेबकॅम यांचा हिशेब मेसेजात कुठेच नाही.

तरी झिऑन घेऊच नये असं मी म्हणणार नाही. घरी लिनक्सवर पाच-सात व्हर्च्युअल मशीन (एकाच संगणकात चालणारे आभासी संगणक) चालवून शिकायचं असेल, किंवा ब्लेंडरचे रेंडर रात्रभर प्रोसेसरवर लावायचे असतील, तर एवढ्या पैशात इतके कोअर आणि चुका दुरुस्त करणारी ईसीसी रॅम दुसरीकडे मिळत नाही. त्या कामाला मी स्वतः हाच सुचवीन. ऑनलाइन लेक्चर, कोडिंग आणि प्रोजेक्ट घेऊन हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीला नाही.

राहिला ‘पुढे अपग्रेड होतो’ हा मुद्दा. लॅपटॉपचा प्रोसेसर बदलता येत नाही, अनेकांत रॅमही सोल्डर केलेली असते, ही तक्रार रास्त आहे. पण हा झिऑन ज्यात बसतो त्या एलजीए २०११-३ सॉकेटमध्ये ई५ चे व्ही३ आणि व्ही४ आणि त्याच पिढ्यांचे काही कोअर आय७ एवढेच बसतात. वरच्या टोकाला २२ कोअरचा ई५-२६९९ व्ही४, तोही २०१६ चाच आणि ब्रॉडवेलच. अशा मशीनमध्ये लावलेली सर्व्हरची खास ‘रजिस्टर्ड’ रॅम साध्या डेस्कटॉप बोर्डावर चालत नाही. त्यामुळे नव्या बोर्डावर जाताना कॅबिनेट, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड सोबत येतं. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम तिन्ही पुन्हा विकत घ्यावी लागतात.