बेन वॉलेस: सरासरी ५.७ पॉइंट, आणि तरीही हॉल ऑफ फेम

बास्केटबॉलमध्ये डिफेन्सवर, म्हणजे समोरच्याला पॉइंट करू न देण्यावर, नाव कमावलेल्या खेळाडूचं कौतुक करताना लोक हमखास एक शब्द वापरतात: मेहनती. प्रगतिपुस्तकात मार्क कमी पडले की बाई "प्रयत्नशील" असा शेरा मारायच्या ना, अगदी तसं. अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये डेट्रॉइट पिस्टन्सकडून गाजलेल्या बेन वॉलेसबद्दल तर हे इतक्यांदा ऐकलंय की शेवटी आज लिहायलाच बसलो. माझं म्हणणं एवढंच की हा माणूस अंगमेहनतीवर नाही, डोक्यावर मोठा झाला.

मेहनत होतीच, ती नाकारत नाही. अलाबामातलं व्हाइट हॉल नावाचं खेडं, अकरा भावंडांत हा दहावा. एनबीए खेळाडू चार्ल्स ओकलीच्या शिबिराची पन्नास डॉलर फी भरायला याने लोकांचे केस कापले. पुढे त्याच ओकलीने त्याला आपल्या जुन्या कॉलेजात, व्हर्जिनिया युनियनमध्ये धाडलं. १९९६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, ५८ पोरं निवडली गेली. पुढे स्टार झालेले आयव्हर्सन, स्टीव्ह नॅश, तेराव्या नंबरवर कोबी ब्रायंट. बेनचं नाव कुठेच नाही. वॉशिंग्टनने त्याला तसाच घेतला, मग ऑर्लँडो, आणि २००० साली डेट्रॉइटचा स्टार ग्रँट हिल ऑर्लँडोला गेला त्या सौद्यात चकी ॲटकिन्सबरोबर डेट्रॉइटला. स्टार गेला आणि बदल्यात दोन किरकोळ पोरं आली, असाच तेव्हा सूर होता. हिल घोट्याच्या दुखण्यामुळे ऑर्लँडोच्या पहिल्या मोसमात चारच मॅच खेळला. बेन पुढच्या सहा वर्षांत चार वेळा लीगचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू ठरला: २००२, २००३, २००५, २००६.

आता डोक्याचा मुद्दा. कागदावर त्याची उंची ६ फूट ९ इंच, आणि त्यातही एखाद-दोन इंच केसांचे असावेत असा माझा जुना संशय आहे. सेंटरच्या, म्हणजे बास्केटजवळ उभं राहणाऱ्याच्या, जागेला ही उंची कमीच. २००४ च्या फायनलमध्ये डेट्रॉइटसमोर लॉस एंजेलिसची टीम लेकर्स: शकील ओनील (म्हणजेच 'शक'), कोबी, कार्ल मलोन, गॅरी पेटन. त्या काळात ओनीलच्या हातात बॉल गेला की बहुतेक टीम दोघांना त्याच्या अंगावर सोडायच्या. मग कोणीतरी मोकळा सुटायचा, ओनील त्याच्याकडे पास फेकायचा आणि लेकर्सचा सगळा गाडा सुरळीत चालायचा. कोच लॅरी ब्राउनच्या डेट्रॉइटने हे बहुतांशी टाळलं. शकला एकट्यानेच अडवायचं, कधी बेनने, कधी रशीद वॉलेसने, आणि बाकीच्यांनी आपापला माणूस सोडायचा नाही.

शकने मालिकेत सरासरी २६.६ पॉइंट काढले, तेही ६३ टक्के शॉट आत टाकून. नुसते आकडे बघणारा म्हणेल, डिफेन्स पार फसला. पण कोबी शॉटमध्ये ३८ टक्क्यांवर अडकला, लेकर्सची पाच मॅचची सरासरी ८२ च्याही खाली राहिली आणि डेट्रॉइट ४-१ ने जिंकलं. शेवटच्या मॅचला बेनचे १८ पॉइंट आणि २२ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल). फायनलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, डेट्रॉइटचाच चॉन्सी बिलप्स झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण शकला किती द्यायचं आणि त्याबदल्यात काय वाचवायचं, हा हिशोब बेनसारखा माणूस आत उभा असल्याशिवाय मांडताच येत नाही. किती वेळा त्याने ब्लॉक, म्हणजे हवेतला शॉट अडवणं, केलाच नाही! नुसता योग्य जागी उभा राहिला, आणि आत घुसणाऱ्या गार्डने विचार बदलून बॉल बाहेर दिला. याची नोंद कुठल्या रकान्यात करणार?

फ्री थ्रोवरून, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटवरून, त्याची टिंगल झाली, आणि ती रास्तच होती. कारकिर्दीत ४१.४ टक्के! नजर दुसरीकडे वळवावी असा प्रकार. नोव्हेंबर २००४ मधल्या इंडियाना पेसर्सविरुद्धच्या मॅचमधल्या गाजलेल्या राड्याची पहिली ढकलाढकलीही त्याचीच. पेसर्सच्या आर्टेस्टला ढकललं, सहा मॅचची बंदी भोगली. त्यावर लोकांचं भरपूर लिहून झालंय, मी थांबतो.

मला जास्त टोचतं ते शिकागो. २००६ मध्ये शिकागो बुल्सनी चार वर्षांचे सहा कोटी डॉलर देऊन त्याला नेलं. दुसरा मोसम संपायच्या आत क्लीव्हलँडला रवाना. मधल्या २००७ च्या प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत) त्याच्या शिकागोला हरवलं कोणी, तर डेट्रॉइटनेच. "बघा, सगळी सिस्टीमची कमाल," असं तेव्हा म्हणणारे मित्र आजही तेच म्हणतात. अर्धं मान्य. वय बत्तीसकडे झुकलेलं, उडी उतरलेली, आणि मागच्या माणसाचा डिफेन्स पुढच्या चौघांच्या भरवशावर चालतो. आपला माणूस कोणत्या बाजूने आत येऊ द्यायचा हे बिलप्स, हॅमिल्टन आणि प्रिन्सला पक्कं कळायचं, आणि ते डेट्रॉइटला होते. पण म्हणून सगळं श्रेय सिस्टीमला? त्या सिस्टीमचा पाया कोण होता?

२०१६ मध्ये डेट्रॉइटने त्याची ३ नंबरची जर्सी निवृत्त केली, २०२१ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, बास्केटबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेला. ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेला, सरासरी ५.७ पॉइंटचा माणूस.

कमेंटमध्ये वाद घालायला या, पण त्याआधी २००४ फायनलची तिसरी मॅच बघून या. लेकर्स ६८ वर संपले ती. एक क्वार्टर तरी बॉलकडे न बघता फक्त ३ नंबरकडे बघा. त्यानंतरही "मेहनती"च म्हणायचं असेल तर बोलू.