‘मुळे’ खोडणारी माणसे

‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय अवघ्या दोन अक्षरांचे आहे, पण विज्ञानविषयक मजकुरात ते दिसले की त्यापाशी थांबायची मला अनेक वर्षांची सवय आहे. ‘हा आहार घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार कमी आढळला’ हे एक विधान झाले आणि ‘या आहारामुळे हृदयविकार कमी होतो’ हे दुसरे. पहिल्यासाठी दोन गटांची काळजीपूर्वक नोंद पुरते. दुसऱ्यासाठी मात्र तो आहार घेणारी माणसे मुळातच अधिक सुस्थितीतील, अधिक चालणारी-फिरणारी किंवा वेळेवर तपासणी करून घेणारी नव्हती, हेही दाखवून द्यावे लागते. संशोधक प्रामाणिक असतो, अभ्यासही नीट झालेला असतो, आणि तरीही मसुदा तिसऱ्यांदा लिहिताना, वाक्य सुटसुटीत करण्याच्या ओघात, ‘आढळला’चे ‘होतो’ होऊन जाते. ते पाहून समासात प्रश्नचिन्ह काढणारी जी व्यक्ती असते, ती विज्ञान-संपादक. तिच्याविषयी आज सविस्तर लिहायचे आहे, कारण तिचे काम म्हणजे ‘भाषा तपासणे’ हा समज मला मनापासून चुकीचा आणि नुकसानकारक वाटतो.

ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हे, संदर्भांची मांडणी ही कामे आहेतच आणि ती महत्त्वाचीही आहेत. परंतु विज्ञानलेखनाच्या संपादनाचा गाभा वेगळा आहे: पुराव्याने जेवढे सांगितले आहे तेवढेच वाक्याने सांगितले पाहिजे, कमी नाही आणि जास्तही नाही. ‘परिणाम आढळला नाही’ आणि ‘परिणाम होत नाही’ या दोन्ही वाक्यांत व्याकरणाची चूक नाही. चूक असेल तर ती वाक्य आणि तक्ता यांच्यामध्ये असते, आणि ती दिसण्यासाठी दोन्ही शेजारी ठेवून वाचावे लागते.

असे शेजारी ठेवून वाचताना काय हाती लागते, याचा एक अनुभव सांगते. एका वैद्यकीय अभ्यासाचा अहवाल माझ्याकडे केवळ भाषेसाठी आला होता. पद्धतीच्या विभागात सहभागींची संख्या 240 होती. निष्कर्षांच्या तक्त्यात एका गटात 118 आणि दुसऱ्या गटात 119 अशी नोंद होती. बेरीज 237. तीन माणसे कोठे गेली, एवढाच प्रश्न मी समासात लिहिला. चार दिवसांनी उत्तर आले की त्या तिघांना अंगावर पुरळ उठल्यामुळे औषध थांबवावे लागले होते, आणि तक्ता करणाऱ्या सहकाऱ्याने केवळ अभ्यास पूर्ण केलेल्यांची यादी वापरली होती. (हे ‘मुळे’ मात्र योग्य होते.) अहवालाच्या शेवटच्या परिच्छेदात ‘औषध सर्व सहभागींना सहज मानवले’ असे एक सुरेख वाक्य होते. त्यात कोणाचा लबाडीचा हेतू नव्हता. लिहिणाऱ्याने तक्ता पाहिला, तक्त्यात ते तिघे नव्हते, म्हणून वाक्यातही ते नव्हते. पुढे तक्त्याखाली तळटीप आली आणि ते वाक्य गेले. भाषेच्या दृष्टीने पाहिले तर त्या वाक्यात दुरुस्त करण्यासारखे काहीच नव्हते.

शब्द आणि आकडे यांच्यातील या जागेत किती मोठे नुकसान होऊ शकते, याचे मला कायम आठवणारे उदाहरण 1995 मधील ब्रिटनचे आहे. नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, असा इशारा तेथील औषध-सुरक्षा समितीने त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये दिला आणि ‘धोका 100 टक्क्यांनी वाढला’ अशी बातमी सर्वत्र गेली. हे विधान खोटे नव्हते. जुन्या गोळ्या घेणाऱ्या सुमारे 7,000 स्त्रियांमागे एकीला गुठळीचा त्रास होत होता, तर नव्या गोळ्या घेणाऱ्या 7,000 जणींमागे दोघींना. म्हणजे वाढ 7,000 मध्ये एकीची होती. पण हा दुसरा आकडा बहुतेकींपर्यंत पोहोचलाच नाही. अनेकींनी गोळ्या एकाएकी बंद केल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे 13,000 गर्भपात अधिक झाले असावेत, असा अंदाज नंतर मांडला गेला. गर्भारपणात आणि गर्भपातातही गुठळीचा धोका असतोच, हे लक्षात घेतले की या घटनेचे गांभीर्य अधिक कळते. ‘दुप्पट’ या शब्दाशेजारी ‘कशाच्या?’ असे लिहिणारी एक व्यक्ती त्या साखळीत योग्य जागी असती तर काय झाले असते, हा विचार मी नेहमी करते. सापेक्ष वाढ सांगायची असेल तर मूळ प्रमाण त्याच वाक्यात द्यावे, पुढच्या परिच्छेदात नव्हे, हा आग्रह मी तेव्हापासून सोडलेला नाही.

संदर्भ तपासणे हे या कामातील सर्वांत कंटाळवाणे अंग मानले जाते, आणि मुदत जवळ आली की पहिली काट तेथेच बसते. 1980 च्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये संपादकांना लिहिलेले एक पाच वाक्यांचे पत्र छापून आले. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामक दिलेल्या 11,882 रुग्णांपैकी, पूर्वी व्यसन नसलेल्या केवळ चौघांना व्यसन लागल्याची खात्रीशीर नोंद आहे, एवढेच त्यात म्हटले होते. ते रुग्णालयातील, देखरेखीखालील, मर्यादित काळाच्या वापराविषयी होते. पुढील दशकांत ते 600 हून अधिक वेळा उद्धृत झाले. त्यांपैकी बहुसंख्य ठिकाणी ‘या औषधांचे व्यसन क्वचितच लागते’ याचा पुरावा म्हणून ते वापरले गेले आणि हे रुग्ण रुग्णालयात होते ही अटच गळून पडली. अखेर 2017 मध्ये नियतकालिकाने त्या पत्रावर सावधगिरीची टीप जोडली. तोवर अमेरिकेत या औषधांच्या व्यसनाने असंख्य घरे उद्ध्वस्त झाली होती. त्या संकटाची कारणे अनेक आहेत आणि सगळा भार एका पत्रावर टाकणे अन्यायाचे ठरेल. तरी त्या 600 लेखांपैकी प्रत्येक लेख कोणाच्या ना कोणाच्या हाताखालून गेला होता, आणि मूळ पत्र वाचायला एक मिनिटही लागत नाही. पालकातील लोहाचे प्रमाण दशांशचिन्ह चुकल्याने दहापट छापले गेले, ही गोष्ट तर काळजीपूर्वक लिहिण्याचा धडा म्हणून सांगितली जाते. तिचा मुळापर्यंत माग काढणाऱ्यांना मात्र अशा चुकीचा पुरावा सापडला नाही. मूळ संदर्भ उघडून पाहा असे सांगणारी गोष्टच मूळ संदर्भ न उघडता पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली.

लेखक मोठा असला की प्रश्न विचारणे अवघड जाते, हे मी मान्य करते. 1936 मध्ये आइनस्टाइन आणि नेथन रोझेन यांनी गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नसतात असा निष्कर्ष काढणारा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठवला. संपादक जॉन टेट यांनी तो समीक्षकाकडे दिला आणि समीक्षकाची सविस्तर टिपणे आइनस्टाइन यांना कळवली. छापण्यापूर्वी आपला निबंध दुसऱ्याला दाखवण्याची परवानगी आपण दिलेली नव्हती, असे रागाने लिहून आइनस्टाइन यांनी तो परत घेतला. पुढच्या वर्षी तो अन्यत्र प्रसिद्ध झाला तेव्हा त्यातील निष्कर्ष बदललेला होता. समीक्षकाची शंका बरोबर होती. टेट यांनी त्या नावासमोर काय विचार केला असेल हे मला ठाऊक नाही, पण त्यांनी इतरांना लावला असता तोच नियम त्यांना लावला, आणि याबद्दल मला त्यांच्याविषयी अपार आदर आहे.

आता यंत्रे भाषा सुधारून देतात, मग संपादक कशाला, असे विचारले जाते. माझे उत्तर त्या 240 आणि 237 मध्ये आहे. यंत्राने केलेली सोयही कोणीतरी तपासावी लागते, हे जनुकशास्त्रज्ञांनी चांगलेच अनुभवले आहे: ‘मार्च1’ किंवा ‘सेप्ट2’ या नावांची जनुके एक्सेलच्या तक्त्यात आपोआप तारखा होऊन बसत. 2016 मधील एका पाहणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका सापडल्या आणि 2020 मध्ये अशा जनुकांची अधिकृत नावेच बदलण्यात आली.

माझी तक्रार मानधनाविषयी नाही, तर आम्हाला कोणत्या टप्प्यावर बोलावले जाते याविषयी आहे. मजकूर ‘फक्त एकदा नजरेखालून घाला’ म्हणून येतो, तोही तक्ते आणि आकृत्या वगळून, छपाईच्या दोन दिवस आधी. एका संस्थेसाठी मी एका लेखातील प्रत्येक कार्यकारण-विधान लेखकाशी बोलून दुरुस्त केले होते. लेख प्रसिद्ध झाला तेव्हा आतील प्रत्येक वाक्य जसेच्या तसे होते, आणि शीर्षकात, ठळक अक्षरांत, कोणीतरी ‘मुळे’ घातलेला होता. शीर्षक संपादकाच्या कामात येत नाही, असे मला सांगण्यात आले. लेख किती जणांनी पूर्ण वाचला असेल ते सांगता येत नाही, शीर्षक मात्र दिसेल त्या प्रत्येकाने वाचले असणार.

म्हणून ज्यांच्या हाती हे ठरवणे आहे त्यांना माझी विनंती आहे. संपादकाकडे मजकुरासोबत तक्ते, आकृत्या आणि त्यांमागची आकडेवारी पाठवावी, प्रश्नांना उत्तर देण्यासाठी लेखकाला वेळ ठेवावा, आणि ऋणनिर्देशात त्या व्यक्तीचे नाव तिच्या संमतीने घालावे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समितीदेखील केवळ भाषा-संपादनाला लेखकत्व मानत नाही, पण असे साहाय्य ऋणनिर्देशात नोंदवण्याची वाट तिने मोकळी ठेवली आहे. आणि शीर्षक ठरले की ते छपाईला जाण्याआधी, लेखाच्या अंतिम प्रतीसोबत, त्याच व्यक्तीकडे परत पाठवावे.